नाव कुणी ठेवायचं?



८ एप्रिल १९९३. युनोच्या आमसभेनं एका नव्या देशाला आत घेतलं. देश मॅसिडोनिया. पण त्या दिवशीच्या कागदांत देश म्हणून हे नाव शोधून सापडायचं नाही. सुरक्षा समितीचा आदल्या दिवसाचा ठराव म्हणतो, अमुक क्रमांकाच्या कागदात ज्या राष्ट्राचा अर्ज आहे, त्या राष्ट्राला सभासद करून घ्यावं. आणि नावाचा तंटा मिटेपर्यंत त्याला तात्पुरतं 'पूर्वीचं युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसिडोनिया' म्हणावं.

म्हंजे कसं? तर एखाद्या माणसाला गावानं आयुष्यभर 'पूर्वी पाटलाकडं राबायचा तो अमुक' अशीच हाक मारावी, तसं. पाटलाचा वाडा कोसळला, पाटीलकी गेली, पण ह्याची ओळख तीच.

पुढची गंमत ऐका. युनोत देश इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं बसतात. 'एम' अक्षराखाली बसवायला ग्रीसचा विरोध. 'फॉर्मर', म्हणजे 'पूर्वीचं', यातल्या 'एफ'खाली बसायला ह्यांचा नकार. मग तोड निघाली. नावाच्या आरंभी 'द' हे उपपद आहे ना, त्याचा 'टी' धरा. एक स्वतंत्र राष्ट्र उपपदाच्या आधारानं थायलंडच्या शेजारी जाऊन बसलं. हसायला येतं. पण हसून झाल्यावर विचारलं पाहिजे की असं का झालं, आणि ह्या लोकांनी ते का सोसलं?

एक : नकाशावर सुरी

बाल्कन म्हणजे युरोपचा आग्नेय कोपरा. तिथं डोंगरांच्या मधोमध, समुद्रकिनारा नसलेला हा देश आपल्या नागपूर विभागाच्या निम्म्याएवढा आहे. २०२१ च्या शिरगणतीत वस्ती भरली १८ लाख ३६ हजार. राजधानी स्कोप्ये.

चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून १९१२ पर्यंत इथं तुर्की सुलतानाचं राज्य होतं. सुलतान माणसं मोजायचा ती धर्मावर. तू मुसलमान की ख्रिस्ती, आणि ख्रिस्ती असलास तर कुठल्या धर्मपीठाचा, एवढंच दफ्तरात. त्यामुळं सुलतानाची पकड ढिली झाली तशी शेजाऱ्यांनी आपापली धर्मपीठं आणि शाळा घेऊन धाव घेतली. ग्रीस म्हणे हे आमचे. बल्गेरिया म्हणे हे आमचे. सर्बिया म्हणे आमचेच. शेतात राबणाऱ्या कुणब्याला कुणी विचारलं नाही, बाबा रे, तू स्वतःला काय म्हणतोस?

१८९३ साली सालोनिका शहरात काही तरुणांनी गुप्त क्रांतिकारी संघटना काढली. तिचा मोठा संघटक गोत्से देल्चेव्ह. पेशानं शाळामास्तर. मे १९०३ मध्ये तो तुर्की फौजेशी चकमकीत मारला गेला. तीन महिन्यांनी, २ ऑगस्टला, संत इलियाच्या सणादिवशी उठाव झाला. त्याला 'इलिंदेन' म्हणतात. डोंगरातलं क्रुशेवो हे गाव बंडखोरांनी घेतलं आणि प्रजासत्ताक पुकारलं. अध्यक्ष निकोला कारेव्ह. तोही शाळामास्तर, आणि समाजवादी. गावच्या कारभारात निरनिराळ्या जमातींचे प्रतिनिधी बसवले. हे सगळं जेमतेम दहा दिवस टिकलं. तुर्की सैन्यानं गाव लुटलं, जाळलं. पितु गुली नावाचा व्लाख जमातीतला सेनानी गावाबाहेर लढता लढता पडला.

दहा दिवस. पण लक्षात ठेवा, पुढची सगळी शंभर वर्षं हा देश ह्याच दहा दिवसांकडं मागं वळून बघतो.

त्याच १९०३ साली मिसिर्कोव्ह नावाच्या विद्वानानं सोफिया शहरात एक पुस्तक छापलं. त्यात त्यानं लिहिलं की आम्ही ग्रीक नाही, बल्गेरियन नाही, सर्ब नाही; आमची बोली हीच आमची लेखनाची भाषा व्हावी. पोलिसांनी प्रती नष्ट केल्या. पुढं मिसिर्कोव्हची स्वतःची मतंही बदलत गेली. पण शब्द एकदा छापला गेला तो गेला.

१९१२-१३ ची बाल्कन युद्धं झाली. सुलतान हटला. ऑगस्ट १९१३ मध्ये बुखारेस्टच्या तहात मॅसिडोनियाचे तुकडे पडले. निम्मा मुलूख ग्रीसला. त्याहून थोडा कमी सर्बियाला. लहानसा लचका बल्गेरियाला. आज जो देश आहे तो सर्बियाच्या वाट्याचा तुकडा. त्या टेबलाभोवती मॅसिडोनियन म्हणून एकही माणूस बसलेला नव्हता.

दोन : आडनावाची शेपटी

मग सुरू झाला नावांचा कारभार. सर्बियानं ह्या मुलखाला 'दक्षिण सर्बिया' म्हटलं आणि लोकांच्या आडनावांना सर्ब वळणाची 'इच' ही शेपटी लावली. १९२९ नंतर तेही नाव गेलं. वार्दार नदीवरून 'वार्दार प्रांत' एवढंच उरलं. माणसांचा मुलूख नदीच्या नावानं ओळखायचा, म्हणजे माणसांचा उल्लेखच नको. पलीकडं ग्रीसनं गावंच्या गावं नव्यानं बारशाला बसवली. १९३६ नंतर मेताक्सासच्या हुकूमशाहीत स्लाव्ह बोली उघड बोलायची बंदी आली. घरात आई लेकराशी ज्या भाषेत बोलते तो गुन्हा.

१९४१ मध्ये हिटलरच्या साथीनं बल्गेरियाचं सैन्य आलं. आता शाळा बल्गेरियन, आडनावंही बल्गेरियन वळणाची. एका आयुष्यात एका माणसाची आडनावं दोन-दोनदा बदलली. आणि ह्याच राजवटीत, मार्च १९४३ मध्ये, स्कोप्येच्या तंबाखूच्या वखारीत ज्यू बायामाणसं, पोरंबाळं कोंडली गेली. सात हजारांहून जास्त. तिथनं रेल्वेनं त्रेब्लिंकाच्या छळछावणीत. जवळजवळ कुणीच परत आलं नाही. दुसऱ्याचं नाव पुसायचा धंदा कुठवर जातो, हे त्या वखारीला विचारावं.

२ ऑगस्ट १९४४. तारीख ओळखीची वाटते ना? इलिंदेनचीच तारीख मुद्दाम धरून एका मठात छापामारांची सभा भरली. टिटोच्या युगोस्लाव्हियात मॅसिडोनिया हे एक प्रजासत्ताक असेल, आणि मॅसिडोनियन ही त्याची राजभाषा असेल, असं ठरलं. १९४५ च्या मे महिन्यात वर्णमाला ठरली. त्या वर्षी कितीतरी मुलं पहिल्यांदा आपल्या बोलीतलं पुस्तक हातात घेऊन शाळेत बसली.

टिटोनं हे काय फुकट दिलं? त्याचं गणित होतं. मॅसिडोनियन हे वेगळे लोक ठरले की बल्गेरियाचा दावा संपतो, आणि सर्बियाचं अंगही आवरतं. बोट धरू दिलं, मनगट नाही. त्या पहिल्या सभेचा अध्यक्ष होता मेतोदिया आंदोनोव्ह-चेंतो. त्याला आणखी मोकळीक हवी होती. १९४६ मध्ये त्याला अकरा वर्षांची सक्तमजुरी झाली. इतिहासाच्या पुस्तकातनंही त्याचं नाव चाळीस-पंचेचाळीस वर्षं गायब. वरून मिळालेल्या हक्काची दोरी वरच्याच्याच हातात राहते.

सीमेपलीकडचं आणखी कठीण. ग्रीसचं यादवी युद्ध १९४९ ला संपलं, तेव्हा डाव्यांच्या बाजूनं लढलेले हजारो मॅसिडोनियन देशोधडीला लागले. पोरं आईबापांपासून तुटून पूर्व युरोपभर पांगली. १९८२ मध्ये ग्रीस सरकारनं निर्वासितांना परत यायची मुभा दिली. पण अट घातली : 'वंशानं ग्रीक' असलेल्यांनाच. म्हणजे एकाच डोंगरात, एकाच लढाईत, खांद्याला खांदा लावून लढलेले दोघे. एकाला घराची किल्ली मिळाली. दुसऱ्याला व्हिसाही मिळेना.

तीन : रक्त न सांडता, पण हात रिकामे

१९९१ मध्ये युगोस्लाव्हिया फुटला. स्लोव्हेनिया गेला, क्रोएशिया गेला, बंदुका सुरू झाल्या. स्कोप्येत तेव्हा अध्यक्ष होता किरो ग्लिगोरोव्ह. वय चौऱ्याहत्तर, टिटोच्या काळात मुरलेला अर्थतज्ज्ञ. ८ सप्टेंबर १९९१ ला सार्वमत घेतलं. सुमारे ७५ टक्के लोकांनी मत दिलं. त्यातल्या ९५ टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्याला हो म्हटलं. प्रश्नात सावधपणाची एक फट ठेवली होती. स्वतंत्र राष्ट्र हवं का, पुढं युगोस्लाव्हियातल्या सार्वभौम राष्ट्रांच्या संघात सामील होण्याच्या हक्कासह?

मग ग्लिगोरोव्ह युगोस्लाव्ह सैन्याशी वाटाघाटीला बसला. मार्च १९९२ अखेर सैन्य निघून गेलं. जाताना रणगाडे, तोफा, विमानं सगळं घेऊन गेलं. नव्या राष्ट्राच्या हातात लढायला काहीच उरलं नाही. पण मरायलाही कुणी लागलं नाही. पुढच्याच महिन्यात बोस्नियात युद्ध पेटलं, तिथं सुमारे एक लाख माणसं मेली. ज्यांना रक्ताशिवाय क्रांती फिकी वाटते, त्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून बघावेत.

आता मान्यता. युरोपातल्या राष्ट्रांनी फ्रेंच कायदेपंडित बादिंतेर ह्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला होता. जानेवारी १९९२ मध्ये आयोगानं निकाल दिला : स्लोव्हेनिया आणि मॅसिडोनिया अटी पुऱ्या करतात; मॅसिडोनियानं कुणाच्याही जमिनीवर हक्क सांगणार नाही असं कबूल केलंय, आणि नावातनं तसा दावा निघत नाही. स्लोव्हेनियाला लगेच मान्यता मिळाली. शिवाय क्रोएशियालाही, ज्याच्या बाबतीत आयोगानं हातचं राखून मत दिलं होतं. मॅसिडोनिया पास होऊनही बाकावर उभा. उलट जून १९९२ ला युरोपनं सांगितलं, नावात मॅसिडोनिया हा शब्दच नसेल तर बघू.

ग्रीसचं म्हणणं काय होतं ते नीट समजून घेऊ. विरोधकाचं म्हणणं न वाचता त्याला झोडपणं ही आळशी माणसाची सवय. ग्रीस म्हणे, आमच्या उत्तर भागाचं नाव मॅसिडोनिया आहे. प्राचीन मॅसिडोनिया, अलेक्झांडर हा आमचा वारसा. उद्या हे नाव घेऊन तुम्ही आमच्या भूमीवर हक्क सांगाल. यादवी युद्धाच्या जखमा तिथंही होत्या, त्यामुळं भीती अगदीच खोटी नव्हती. पण ज्या देशाकडं धड सैन्य नाही, ज्यानं घटनेत दुरुस्ती करून 'आमचा कुणाच्या भूमीवर दावा नाही' असं लिहून दिलं, त्याच्यापासून कसली भीती? खरी भीती जुनी होती. पलीकडच्यांना नाव मिळालं की आपल्या घरात ज्यांची भाषा दाबली तेही नाव विचारतील.

फेब्रुवारी १९९४ मध्ये ग्रीसनं नाकेबंदी केली. सालोनिका बंदर बंद. तेल बंद. उत्तरेला सर्बियावर युनोचेच निर्बंध, म्हणजे तिकडचाही रस्ता बंद. पूर्व-पश्चिमेला बल्गेरिया आणि अल्बेनियाकडं जायला सलग रेल्वे नाही. देशाचा गळा दोन्ही बाजूंनी आवळला. सप्टेंबर १९९५ मध्ये न्यूयॉर्कला तात्पुरता करार झाला. ध्वजावरचा सोळा किरणांचा सूर्य काढायचा, मग बंदर उघडणार. ध्वज बदलला. नाव मात्र 'पूर्वीचं' ते 'पूर्वीचं'च.

चार : आता आपल्याच घरात बघा

इथपर्यंत वाचून तुम्ही मॅसिडोनियाच्या बाजूचे झाला असाल. मीही झालो होतो. पण गोष्ट अर्धी सांगणं हा लबाडपणा ठरेल.

८ सप्टेंबर १९९१ च्या सार्वमताला पंचवीसेक टक्के लोक गेले नाहीत. ते कोण? बहुतेक अल्बेनियन. देशातला साधारण चौथा हिस्सा. ते का गेले नाहीत? १९७४ च्या घटनेत हे प्रजासत्ताक मॅसिडोनियन लोकांचं आणि त्याबरोबर अल्बेनियन व तुर्क समाजांचं आहे असं लिहिलं होतं. १९८९ मध्ये ते शब्द खोडले. 'मॅसिडोनियन लोकांचं राष्ट्रीय राज्य' एवढंच ठेवलं. १९९१ च्या नव्या घटनेनं सरनाम्यात तेच कायम केलं. अल्बेनियन, तुर्क, व्लाख, रोमा ह्यांना त्यात समान नागरिक म्हणून 'सहजीवन' देऊ केलं. घर एकाचं, बाकीचे सहजीवनाला.

कळलं का? ज्यांना 'तुम्ही लोकच नाही' असं तीन शेजाऱ्यांनी ऐकवलं, त्यांनी स्वतःचं राज्य हातात येताच पहिल्या पानावर दुसऱ्याला खालचं आसन दिलं. तेतोवो गावात अल्बेनियन भाषेचं विद्यापीठ लोकांनी स्वतः उभं केलं, तेव्हा फेब्रुवारी १९९५ मध्ये पोलीस घुसले. एक माणूस मेला. घरातली भाषा विद्यापीठात मागणं हा पुन्हा गुन्हा ठरला, फक्त आता गुन्हा ठरवणारे बदलले होते.

२००१ मध्ये अल्बेनियन बंडखोरांनी शस्त्रं उचलली. देश फुटायच्या कडेला आला. १३ ऑगस्ट २००१ ला ओह्रिडचा करार झाला. जिथं एखाद्या भाषेचे लोक वीस टक्के असतील तिथं त्यांची भाषा सरकारी कामात चालेल. भाषा-संस्कृतीचे कायदे नुसत्या बहुमतानं होणार नाहीत. अल्पसंख्य समाजांच्या आमदारांतही बहुमत लागेल. आणि सरनामा पुन्हा लिहिला गेला. त्यात अल्बेनियन, तुर्क, व्लाख, सर्ब, रोमा, बोस्नियाक हे सगळे 'लोक' म्हणून नावानं आले. १९९१ ला एका लेखणीनं जे देता आलं असतं, ते दहा वर्षांनी प्रेतं मोजून दिलं.

आणि वीस टक्क्यांच्या खाली जे आहेत ते? रोमा.

जग ह्यांना जिप्सी म्हणतं. 'इजिप्तहून आलेले' असं समजून दुसऱ्यांनी चिकटवलेलं हे नाव. ते स्वतःला रोमा म्हणतात. त्यांची बोली ऐका : पाण्याला पानी, कानाला कान, माणसाला मनुश, दोनाला दुई, दहाला देश. हजारेक वर्षांपूर्वी भारतातनं निघालेली ही माणसं, आणि बोलीनं पुरावा जिभेवर जपलाय. १९६३ च्या भूकंपानं स्कोप्ये कोसळलं, हजाराहून जास्त माणसं मेली. त्यानंतर शहराच्या कडेला शुतो ओरिझारी ही वस्ती वाढली. बहुसंख्य रोमा. १९९६ पासून तिची स्वतंत्र नगरपालिका आहे, महापौर रोमा असतो, रोमानी भाषा सरकारी कामात चालते. जगात अशी उदाहरणं शोधावी लागतील.

पण ते एका नगरपालिकेपुरतं. २०२१ च्या शिरगणतीत रोमा अडीच टक्के. वस्तीबाहेर वीस टक्क्यांचा नियम त्यांच्या कामाचा नाही. डिसेंबर २००९ मध्ये ह्या देशाच्या नागरिकांना युरोपात व्हिसाशिवाय जायची मोकळीक मिळाली. आणि कितीतरी रोमांना त्यांच्याच देशाच्या सीमेवरच्या पोलिसांनी, चेहरा बघून, मागं फिरवल्याच्या तक्रारी झाल्या, कोर्टात गेल्या. पासपोर्ट तोच, देश तोच. अडवणारा आपलाच.

पाच : उसना राजा

नावाच्या अपमानानं माणूस दोन वाटांनी जातो. क्रुशेवोची वाट होती : मास्तर, कुणबी, व्लाख सगळे मिळून कारभार करू. दुसरी वाट थोरल्या पूर्वजाची. २००६ मध्ये स्कोप्येच्या विमानतळाला अलेक्झांडरचं नाव दिलं. २००८ ला बुखारेस्टमध्ये ग्रीसनं नाटोचं दार अडवलं, आणि ही हौस आणखी भडकली. राजधानीत पुतळ्यांची रांग लागली. २०११ मध्ये चौकात अवाढव्य घोडेस्वार उभा राहिला. कागदोपत्री नाव 'घोड्यावरचा योद्धा'. कोण ते लहान पोरालाही ठाऊक. बेकारी तशीच, तरुण पोरं जर्मनीच्या वाटेवर, आणि कोट्यवधी युरो ब्राँझमध्ये.

२०११ सालीच, डिसेंबरात, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं निकाल दिला की नाटोच्या वेळी ग्रीसनं १९९५ चा करार मोडला. म्हणजे न्याय ह्यांच्या बाजूनं होता. ज्याच्या बाजूनं न्याय आहे त्याला राजाचा घोडा कशाला लागतो? आपण थोर कुळातले म्हणून आम्हाला हक्क द्या, असं म्हटलं की ज्याचं कुळ थोर नाही त्याचे हक्क आपणच सोडून दिले. स्कोप्येतल्या अल्बेनियनाला, रोमाला त्या घोड्यावर जागा नव्हती.

१७ जून २०१८ ला प्रेस्पा तळ्याकाठी दोन्ही देशांनी करार केला. मॅसिडोनियाचे झोरान झाएव, ग्रीसचे अलेक्सिस सिप्रास. देशाचं नाव 'उत्तर मॅसिडोनिया'. पण लोक मॅसिडोनियनच, आणि भाषाही मॅसिडोनियन, हे ग्रीसनं लेखी मान्य केलं. नामांतर ह्या शब्दाची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको. तिथंही ती मोजावी लागली. ३० सप्टेंबर २०१८ च्या सार्वमताला सुमारे ३७ टक्केच लोक आले. आलेल्यांतले नव्वद टक्क्यांवर 'हो' म्हणाले, पण बहुतेक देश घरी बसून गप्प राहिला. जानेवारी २०१९ मध्ये संसदेत १२० पैकी ८१ मतांनी घटनादुरुस्ती झाली. फेब्रुवारीत नाव बदललं. २७ मार्च २०२० ला देश नाटोत गेला.

संपलं? नोव्हेंबर २०२० मध्ये बल्गेरियानं युरोपीय संघाचं दार अडवलं. तुमची भाषा ही आमचीच बोली, म्हणे. गोत्से देल्चेव्ह कुणाचा, ह्यावर इतिहासकारांची समिती बसली. २०२२ मध्ये अट आली : सरनाम्यात बल्गेरियन लोकांचं नाव घाला. २०२४ मध्ये निवडून आलेल्या सरकारनं ते करायला नकार दिला. आता मी कुणाच्या बाजूचा? बल्गेरियाची दमदाटी ही दमदाटीच. दुसऱ्याच्या भाषेला बोली म्हणून हिणवणाराच हक्काची भाषा करतो, तेव्हा हसू येतं. पण देशात जे थोडे हजार लोक स्वतःला बल्गेरियन म्हणतात, त्यांनी स्वतःला काय म्हणावं हे ठरवणारं स्कोप्येचं सरकार तरी कोण?

जाता जाता एक तारीख. ८ एप्रिल १९७१ ला लंडनजवळ जगभरच्या रोमांची पहिली परिषद भरली. तिथं त्यांनी आपलं नाव 'रोमा' असं ठरवलं आणि झेंडा घेतला : वर निळा, खाली हिरवा, मध्ये लाल चक्र. बरोब्बर बावीस वर्षांनी, त्याच तारखेला, मॅसिडोनिया उसन्या नावानं युनोत बसला. त्याचा झेंडा युनोच्या दारात लावायलाही १९९५ साल उजाडावं लागलं. रोमांचा झेंडा अजून तिथं नाही, कारण त्यांच्याकडं राष्ट्र नाही. तो शुतो ओरिझारीत दर ८ एप्रिलला लागतो.

पुढच्या अभ्यासवर्गाला बाल्कनचा नकाशा भिंतीवर लावू. आधी राजधान्या शोधायच्या नाहीत. आधी शुतो ओरिझारी कुठं येतं ते शोधायचं.